दुसरी चप्पल पायात जायच्या आत

बातमीचा पहिला परिच्छेद वाचला आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली.

आता, ताईच्या मनात पाल चुकचुकायला फार काही लागायचं नाही म्हणा. घरात दूध उतू गेलं तरी ती दुधाकडे नंतर बघायची, आधी विचारायची, गॅस मोठा कुणी केला. सांजदैनिकाच्या डेस्कवर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सकाळी वार्ताहरांनी बातम्या आणायच्या, हिने त्या काटायच्या, छाटायच्या, मथळा द्यायचा आणि दुपारच्या आत पानात सोडायच्या. ऑफिसात तिला पाठीमागे 'कात्री' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण तिचा सगळा जीव असायचा तो इंट्रोवर, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदावर. लोक बातमी वाचत नाहीत, इंट्रो वाचतात आणि पान उलटतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आजचा इंट्रो असा होता: 'लिफ्टचालकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे बाजारपेठेतील व्यापारी संकुलाची मालवाहू लिफ्ट काल दुपारी कोसळून एक हमाल ठार, तर दोघे जखमी झाले. लिफ्टचालकाला अटक करण्यात आली आहे.'

खाली नाव तिच्या सख्ख्या भावाचं. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, ऑफिसातसुद्धा.

ताईने तो परिच्छेद पुन्हा वाचला. अक्षम्य. हा शब्द धाकट्याने जन्मात कधी वापरला नव्हता. आणि सुरुवात कशाने, तर हलगर्जीपणाने. तिला चांगलंच ठाऊक होतं की धाकटा अशी सुरुवात करूच शकत नाही, कारण त्याला सुरुवात करायला शिकवलं होतं तिनेच, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता.

"हे बघ," ती तेव्हा म्हणाली होती, "आई बाहेर निघालीय. एक चप्पल पायात घातलीय, दुसरी घालायचीय. ती दुसरी चप्पल पायात जायच्या आत तुला तिला बातमी सांगायचीय. काय सांगशील?"

"आई, काल दुपारी बाजारपेठेच्या परिसरात..."

"गेली आई. जिना उतरली. पुन्हा."

असं किती वेळा चाललं कोण जाणे. भाजी निवडून झाली, शिजली, खाऊन झाली, आणि मग कुठे धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एक माणूस गेला, हे पहिलं सांगायचं. कुठे आणि कसा, ते लगेच त्याच्यामागून. कुणामुळे, हा प्रश्न आई थांबल्यावर विचारेलच, तेव्हा जो कुणी तसं म्हणतोय त्याच्या तोंडी ते घालायचं, आपल्या नाही. तेव्हापासून धाकट्याचा इंट्रो म्हणजे बंदा रुपया. ताई तो कधी बदलायची नाही आणि मनातल्या मनात फुशारायची.

मग हे काय होतं? आईला हाक मारून कुणी म्हणतं का, आई, अक्षम्य हलगर्जीपणामुळे अमुक झालं म्हणून?

तिने मान वर केली. धाकटा समोरच्या टेबलाशी उभा होता. पायात नवे कोरे बूट. परवापर्यंत जुने, टाचा झिजलेले घालून फिरणारा माणूस. दुसरी गोष्ट, काल संध्याकाळी ताई भाजी घेऊन घरी येत होती तेव्हा हा एका लांबलचक पांढऱ्या गाडीतून उतरताना तिने पाहिला होता. गाडी कुणाची, हे शहरात कुणाला विचारायची गरज नव्हती. ज्याचं ते व्यापारी संकुल, त्याची. रात्री जेवताना धाकटा गाडीबद्दल अवाक्षर बोलला नाही, आणि ताईनेही विचारलं नाही. ती वाट बघत होती, हा आपणहून सांगतो का म्हणून.

"इकडे ये," ती म्हणाली.

तो आला. नेहमी टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचा, आज उभाच राहिला. त्याची पाठ संपादकांच्या केबिनकडे होती. केबिन काचेची, आत साहेब फोनवर.

"हा इंट्रो कुणाचा?"

"माझा. नाव आहे की खाली."

"नाव दिसतंय मला. इंट्रो कुणाचा, विचारतेय."

धाकट्याने खिशात हात घातले, काढले. "ताई, इंट्रो आहे तसा राहू दे. बाकीचं नीट वाच."

"मला वाचायला शिकवतोस?"

"तसं नाही. नीट वाच, एवढंच म्हणतोय." आणि केबिनचं दार वाजल्यासारखं झालं, तसा तो निघूनच गेला, चहाला म्हणून.

थोड्या वेळात साहेब दारातून डोकावले. मऊ आवाजाचा माणूस, कधी कुणावर ओरडला नाही, त्यामुळे त्यांना सगळे जास्तच घाबरायचे. "ती लिफ्टची बातमी चांगली झालीय," ते म्हणाले. "इंट्रोला हात लावू नका."

"हो साहेब," ताई म्हणाली, आणि तिचा हात मात्र टेबलावरच थांबला. बातमी वार्ताहराकडून तिच्याकडे यायची आणि तिच्याकडून साहेबांकडे जायची. अजून ती तिच्याच टेबलावर होती. मग साहेबांनी वाचली कधी? आणि धाकट्याने आणि साहेबांनी एकच गोष्ट कशी सांगितली? घोडं कुठे पेंड खातंय, हे आता तिला कळायला लागलं होतं. आणि यातला एक तिचा भाऊ होता. बाकी कुणी विकला गेला असता तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागली असती.

तिने फोन उचलला आणि समोरच्या सांजदैनिकातल्या मैत्रिणीला लावला. दोन पेपरांत विस्तव जायचा नाही, पण डेस्कवरच्या या दोघी पोरवयापासूनच्या.

इथे एक गुपित सांगायला हवं, म्हणजे सगळ्या डेस्कना माहीत असलेलं आणि सगळ्यांनी माहीत नाही असं दाखवलेलं गुपित. गुन्ह्यांच्या बातम्या करणारे सगळ्या पेपरांचे वार्ताहर सकाळी पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर जमायचे. एकाने माहिती काढायची, सगळ्यांनी उतरवून घ्यायची. त्याला ते आपसांत 'सामाईक विहीर' म्हणायचे. पाणी सगळ्यांचं एक, पोहरा ज्याचा त्याचा. पोहरा म्हणजे इंट्रो. तो प्रत्येकाने आपापला लिहायचा, म्हणजे वाचकाला वाटतं प्रत्येक पेपरचा माणूस वेगळा पळाला. त्यामुळे ताई अशा बातमीत खालचा मजकूर कधी वाचायचीच नाही. विहिरीचंच पाणी ते, काय चाखायचं? इंट्रो बघायचा आणि पुढे जायचं. शितावरून भाताची परीक्षा.

"तुमच्याकडे लिफ्टचा इंट्रो काय आहे?" तिने विचारलं.

"का गं?"

"वाच तर."

मैत्रिणीने वाचला. लिफ्टचालकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे. शब्दाला शब्द. 'तर दोघे'सुद्धा तिथेच.

"आज पोहराही एकच," मैत्रीण हसून म्हणाली. "कुणीतरी भरून हातात दिलेला दिसतोय." मग तिचा आवाज खाली आला. "तुझा भाऊ होता ना काल त्या गाडीत? आमचाही होता. जाऊ दे, आपण कशाला डोकं लावायचं."

ताईने फोन ठेवला. जुने दिवस आठवून तिला रडू आलं नाही, राग आला. आपण याला चप्पल शिकवली आणि हा दुसऱ्याचे बूट घालून आला, असं तिच्या मनात आलं, आणि त्या बुटांचा तर तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात खालच्या दारावरचा माणूस एका बाईला घेऊन वर आला. "ऐकतच नाही," तो म्हणाला. "सकाळपासून बसलीय."

बाई तिशी-पस्तिशीची, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. लिफ्टचालकाची बायको. ती बसली नाही. "उद्या सकाळी त्यांना कोर्टात उभं करणार," ती म्हणाली. "वकील म्हणाला, जामिनाचं बघतो, पण पेपरात काय येतं ते आधी बघू. दोषी म्हणून छापून आलं की सगळे तेच धरून चालतात, म्हणाला. ताई, त्यांनी पाटी लावली होती. दोर झिजलाय, दोर झिजलाय म्हणून महिनाभर सांगत होते. काल सकाळी स्वतः पुठ्ठ्यावर 'बंद' लिहून दारावर लावली."

"मग लिफ्ट चालली कशी?"

"मॅनेजरने पाटी काढली आणि म्हणाला, माल चढव नाहीतर घरी जा."

"पाहिलं कुणी?"

"मला काय माहीत? तिथे कुणी बोलायला तयार नाही. सगळ्यांची दुकानं त्याच इमारतीत."

ताईने तिच्याकडे निरखून बघितलं. खरं बोलत असेल. पण प्रत्येकाची बायको हेच बोलते, हेही खरं. ज्या दिवशी आपल्या भावावर विश्वास ठेवता येत नाही, त्या दिवशी परक्या बाईवर कसा ठेवायचा? आणि साक्षीदाराशिवाय पाटीचं छापणार तरी कसं? "खाली बसा जरा," ती म्हणाली. "बघते."

बाई गेली आणि लगेच पानं लावणाऱ्या काकांनी हाक मारली. काका पलीकडच्या पडद्यासमोर बसून बातम्या पानात बसवायचे. "कात्री... आपलं, ताई, तिसऱ्या पानावर जाहिरात वाढली. लिफ्टची बातमी बसत नाही. खालून चार ओळी उडवू का?"

बातमी नेहमी खालूनच कापायची असते. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणूनच तर इंट्रोचा एवढा थाट. हा नियम ताईच्या हाडात मुरलेला होता. आणि त्या वेळी तिचं सगळं चित्त पहिल्या परिच्छेदात अडकलेलं होतं. तो कसा फोडावा, साहेबांच्या नाकाखालून 'अक्षम्य' कसा काढावा, याच्याच विचारात ती होती.

"उडवा," ती म्हणाली.

तिने मथळ्यात 'असा पोलिसांचा आरोप' एवढं कसंबसं घुसवलं. साहेबांनी केबिनमधल्या पडद्यावर ते बघितलं, बाहेर आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते काढायला लावलं. ताईशी एक शब्द बोलले नाहीत. पान गेलं.

धाकटा चहाहून परतला तेव्हा खाली छपाईचं मशीन सुरू झालेलं होतं. सगळी इमारत बारीक थरथरायची मशीन सुरू झालं की. ताई त्याला जिन्यात घेऊन गेली.

"किती दिवस चाललंय हे?" ती म्हणाली. "मालकाच्या गाडीत बसतोस, त्याचा इंट्रो स्वतःच्या नावावर घालतोस, बूट काय, थाट काय. आईच्या नावाने शिकवलं रे तुला मी. एक माणूस उद्या तुरुंगात सडेल, आणि त्याच्या बायकोला मी वर तोंड करून साक्षीदार विचारला."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे? तू शेवट वाचला नाहीस?"

"कसला शेवट?"

"ताई, शेवटचा परिच्छेद."

ताईने खाली, मशीनच्या आवाजाकडे बघितलं.

"मी आजच्या विहिरीची वाट बघितलीच नाही," धाकटा म्हणाला. "कालच लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो. तो दोर बघायला. ग्रीसने बूट गेले, हे चुलतभावाकडून मागून आणलेत, पायाला लागतायत. तिसऱ्या मजल्यावर एक शिवणवाली बसते. तिने पाटी पाहिली. मॅनेजरने काढली तेही पाहिलं. मी खाली उतरलो तर मालकाचा माणूस गाडी घेऊन उभा. साहेबांकडे नेलं. साहेबांनी आणि त्या माणसाने मिळून इंट्रो हातात दिला आणि म्हणाले, हा बदलला तर उद्यापासून येऊ नकोस. साहेब इंट्रोच्या खाली कधी वाचत नाहीत. सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. मी विचार केला, ताई तर सगळं वाचते. ती बघेल आणि वर घेईल. ऑफिसात तुझ्याशी बोलू कसा? साहेब काचेतून बघत होते. म्हणून म्हणालो, बाकीचं नीट वाच."

"रात्री घरी सांगायचंस."

"रात्री सांगितलं असतं तर तू रात्रीच साहेबांच्या घरी जाऊन भांडली असतीस. आणि खरं सांगू? तू गाडी पाहिलीस, मला कळलं होतं. तू विचारलं नाहीस. मला वाईट वाटलं. म्हटलं, हिला आपल्यावर भरवसा नाही तर नाही, वाचल्यावर कळेल."

ताई भिंतीला टेकली. चार ओळी. उडवा, असं तिनेच म्हटलं होतं, मान वर न करता.

ती तशीच केबिनमध्ये गेली. "साहेब, मशीन थांबवा. बातमीत साक्षीदार आहे आणि तो राहिलाय."

साहेब चष्मा पुसत होते. "शेवटच्या चार ओळींसाठी मशीन? तुम्हीच कापल्यात ना त्या? उद्या घालू की."

उद्याचा पेपर दुपारनंतर निघणार आणि कोर्ट सकाळी. वरातीमागून घोडं. साहेबांना ते ताईपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. ती बाहेर आली, पर्स घेतली आणि जिना उतरली. धाकटा तिच्या मागे.

खाली बाकावर लिफ्टचालकाची बायको बसली होती. नुकत्याच निघालेल्या गठ्ठ्यातला एक पेपर कुणीतरी तिच्या हातात दिला होता. तिसरं पान उघडं होतं, अर्ध्या पानावर त्याच व्यापारी संकुलाची जाहिरात, तिच्या कडेला बातमी. ओठ हलवत ती पहिला परिच्छेद वाचत होती. तो संपला तशी तिने पेपराची घडी घातली.

"पुढे वाचा ना," ताईच्या तोंडून गेलं.

"आणि काय असणार पुढे?" बाई म्हणाली.

"पुढे होतं." ताईने श्वास घेतला. आता नटवून सांगण्यात अर्थ नव्हता. "पाटी लावलेली पाहिलेली एक बाई आहे. माझ्या भावाने तिला शोधलं, लिहिलं. मी न वाचता कापलं."

बाईने तिच्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "कुठे बसते ती?"

तिघं चालत संकुलात गेली. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली होती, म्हणून जिन्याने तिसरा मजला गाठला. शिवणवाली एका अरुंद खोलीत मशीन घेऊन बसायची, चहूकडे कापडाच्या चिंध्या. तिच्या मशीनवर आजचा पेपर होता. धाकट्याला बघून ती उठली नाही.

"आला नाही माझा शब्द," ती म्हणाली. "बरं झालं. काल सांगितलं आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खोली मालकाची आहे. उद्या हाकललं तर मशीन डोक्यावर घेऊन कुठे जाऊ? तुम्ही शिकलेली माणसं, तुमचा पेपर, तुम्ही गाळलंत. मग मी एकटीने कशाला विस्तवाशी खेळू?"

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. "माझ्या भावाने लिहिलं होतं. हिच्या नवऱ्याचा वकील वाट बघतोय. तुम्ही नुसतं त्याच्यासमोर सांगा."

"नको बाई. तुमची चूक तुम्ही निस्तरा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांना हात घालणारी बाई, आणि आज स्वतःचं एक वाक्य सापडेना. धाकटा काही बोलायला पुढे झाला, तर ताईने त्याच्या दंडाला धरून थांबवलं.

लिफ्टचालकाची बायको मशीनजवळ गेली. "काल सकाळी ह्यांनी पॅन्ट दिली होती ना, खालून दुमडायला? झाली असेल तर द्या. उद्या कोर्टात जरा बरी पाहिजे अंगावर."

शिवणवालीचे हात थांबले. तिने मागच्या दोरीवरून एक करड्या रंगाची पॅन्ट ओढली. घडी घालायला घेतली आणि घालताच येईना. "द्यायला आला तेव्हा दम लागला होता त्याला," ती म्हणाली. "मी म्हटलं, लिफ्टवाला असून जिना चढून? तर म्हणाला, आज जिनाच बरा, खाली पाटी लावलीय. हसत होता." तिने घडी नीट घातली आणि बाईच्या हातात दिली. "मग मी दोऱ्यासाठी खाली गेले, तर मॅनेजर पाटी काढत होता. फाडून टाकली. माझ्यासमोर."

"पैसे किती झाले?" बाईने विचारलं.

"राहू दे."

खाली रस्त्यावर पेपर विकणारा लिफ्टची बातमी ओरडत चालला होता, अक्षम्यसकट. शिवणवालीने तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकला. मग मशीनवर कापड झाकलं, दाराशी आली, भिंतीला हात लावून एक चप्पल पायात सरकवली आणि तशीच थांबली.

"तिथे गेल्यावर आधी काय सांगायचं?" तिने ताईला विचारलं.

"जे पाहिलंत ते," ताई म्हणाली.

"पाटी होती. मी पाहिली. मॅनेजरने काढली," शिवणवाली म्हणाली, आणि तिने दुसरी चप्पल घातली.